स्मार्ट टीव्हीचं नेट वारंवार तुटतंय? प्लग काढायच्या आधी हे बघा

काल रात्री टीव्ही व्यवस्थित चालत होता. आज लावला तर पडद्यावर 'नेटवर्क उपलब्ध नाही'. मोबाइलवर त्याच वाय-फायवर सगळं सुरळीत. मग घरातलं कोणीतरी टीव्हीचा प्लग काढतं, थोडं थांबून परत लावतं आणि नेट येतं. दोन-चार दिवस बरे जातात, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ज्यांच्या ज्यांच्या टीव्हीला हा त्रास आहे, त्या जवळजवळ सगळ्यांनी 'रिस्टार्ट केला की चालतो' एवढं शोधून काढलेलं असतं. पण रिस्टार्टने टीव्ही तेवढ्यापुरता सुरू होतो आणि नेमकं काय बिघडलं होतं याचा मागमूस पुसला जातो. दोष दिसण्याची एकच वेळ असते, ती म्हणजे नेट बंद पडलेलं असताना. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पुढच्या वेळी नेट गेलं की प्लगला हात लावू नका. आधी दोन मिनिटं टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये डोकवा.

नेट बंद असतानाच काय बघायचं

सेटिंग्जमध्ये नेटवर्क नावाचा भाग असतो आणि त्यात 'नेटवर्क स्टेटस', 'चेक कनेक्शन' किंवा अशाच नावाचा पर्याय. सॅमसंगच्या टीव्हीवर तो उघडला की टीव्ही, राउटर आणि इंटरनेट अशी चित्रं ओळीने दिसतात आणि जिथे जोडणी तुटली आहे तिथे फुली येते. इतर कंपन्यांच्या टीव्हीवर मांडणी वेगळी असेल, माहिती साधारण हीच. फुली टीव्ही आणि राउटरच्या मध्ये आहे की राउटर आणि इंटरनेटच्या मध्ये, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. पहिल्या प्रकारात इंटरनेट कंपनीला फोन करून काही उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात वाय-फायचा पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी काही होणार नाही.

तिथेच 'आयपी सेटिंग्ज' किंवा 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये टीव्हीचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर टीव्हीला ओळखण्याचा आकडी पत्ता, दिसतो. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर राउटरने टीव्हीला पत्ता दिला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर टीव्ही वाय-फायला जोडला गेला, पण राउटरकडून पत्ता मिळाला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. त्या पत्त्यावर नेट चालत नाही. नुसती शून्यं दिसत असतील तर टीव्ही राउटरपर्यंत पोहोचलेलाच नाही. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टीव्ही चांगला चालू असतानाही याच पानाचा एक फोटो असू द्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की काय बदललं ते लगेच दिसतं.

तिसरी गोष्ट बघायची ती तारीख आणि वेळ. हे पुष्कळ जण सोडून देतात. आज जवळपास प्रत्येक ॲप सर्व्हरशी बोलताना सुरक्षा प्रमाणपत्र तपासतं आणि त्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. टीव्हीचं घड्याळ मागे पडून १९७० सालात किंवा टीव्ही बनला त्या वर्षात गेलं असेल, तर त्याच्या लेखी प्रत्येक प्रमाणपत्र चुकीचं ठरतं. वाय-फायची खूण पूर्ण दिसते, आयपी पत्ता बरोबर असतो आणि तरी एकही ॲप उघडत नाही. अशा वेळी घड्याळ 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने तारीख, वेळ आणि टाइम झोन लावा. ॲप्स लगेच सुरू झाली तर दोष सापडला. हाच प्रकार पुन्हा झाला, तर टीव्ही वेळ कुठून घेतो ते बघा; काही टीव्ही ती चॅनलच्या प्रक्षेपणातून घेतात आणि तिथे ती चुकीची असू शकते.

मोबाइलचा हॉटस्पॉट: सगळ्यात खात्रीची चाचणी

दोष टीव्हीत आहे की राउटरमध्ये, यावर घरोघरी वाद होतात. तो मिटवायला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. मोबाइल टीव्हीजवळ ठेवा, हॉटस्पॉट सुरू करा आणि टीव्ही त्याला जोडा. वाय-फाय साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतं. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायला विसरू नका, कारण कित्येक टीव्हींना ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसतच नाही. आयफोनवर यासाठी हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय आहे. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो.

हॉटस्पॉटवर टीव्ही नीट चालला तर टीव्हीचा वाय-फायचा भाग शाबूत आहे. मग राउटरची सेटिंग्ज, अंतर, वाय-फायचा चॅनल (बँडमधला छोटा पट्टा) यांकडे वळा. हॉटस्पॉटवरही तसाच तुटला तर टीव्हीच्या सॉफ्टवेअरवर किंवा आतल्या वाय-फाय मॉड्यूलवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र पाच मिनिटं चाललं म्हणून निकाल देऊ नका. त्रास ज्या अंतराने होतो, किमान तेवढा वेळ चाचणी चालू द्या. मोबाइलचा डेटा भराभर संपू नये म्हणून व्हिडिओचा दर्जा कमी ठेवा आणि टीव्हीचं ऑटो अपडेट तेवढ्यापुरतं बंद करा.

टीव्हीला लॅन केबलची जागा असेल तर दुसरी चाचणीही करून टाका. राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल तात्पुरती जमिनीवरून टाकली तरी चालेल. केबलवर सगळं ठीक आणि वाय-फायवर नाही, म्हणजे इंटरनेट आणि ॲप्स निर्दोष आहेत.

नेट कधी तुटतं, तेच सगळ्यात जास्त बोलतं

वारंवार येणाऱ्या दोषात मला सर्वांत उपयोगी पडणारा प्रश्न 'केव्हा' हा आहे. एक-दोन आठवडे नेट गेलं की वेळ आणि त्या वेळी काय चाललं होतं ते लिहून ठेवा. नुसत्या त्या नोंदीवरून कारण हाती लागतं, असं अनेकदा होतं.

टीव्ही सकाळी पहिल्यांदा लावल्यावर किंवा बराच वेळ बंद राहिल्यानंतरच नेट नसेल, तर गोष्ट स्टँडबायची आहे. रिमोटने बंद केलेला टीव्ही खऱ्या अर्थाने बंद झालेला नसतो. एलजीत 'क्विक स्टार्ट प्लस', काही सॅमसंग मॉडेलांत 'इन्स्टंट ऑन', इतरांत 'क्विक स्टार्ट' किंवा 'फास्ट बूट' नावाची सोय चालू असेल, तर टीव्ही आपली सगळी अवस्था मेमरीत ठेवून झोपतो आणि जाग आल्यावर तिथूनच पुढे चालू लागतो. त्या मेमरीत नेटवर्कची जुनी माहितीही असते. इकडे राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठीच देतो. घरगुती राउटरवर ही मुदत बऱ्याचदा २४ तास असते. उपकरणाने साधारण अर्धी मुदत उलटली की ती वाढवून घ्यायची, असा नियम आहे. झोपलेला टीव्ही ती वाढवून घेत नाही. मुदत संपते, राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन मोकळा होतो आणि टीव्ही जागा झाल्यावर जुनाच पत्ता आपला म्हणून वापरू पाहतो. प्लग काढला की मेमरी कोरी होते, टीव्ही नवा पत्ता मागतो आणि सगळं ठीक होतं. 'रिस्टार्ट केला की चालतो' या वाक्यामागे बऱ्याच वेळा एवढंच असतं.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करा. पहिला, क्विक स्टार्टची सोय बंद करा. टीव्ही सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण प्रत्येक वेळी तो ताजा सुरू होईल. दुसरा, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा. राउटरमध्ये याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' म्हणतात आणि हा पर्याय डीएचसीपीच्या (राउटरच्या पत्ते वाटण्याच्या सोयीच्या) पानावर सापडतो. तिथे टीव्हीचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा कारखान्यातच ठरलेला ओळख क्रमांक, द्यावा लागतो. तो टीव्हीच्या 'अबाउट' किंवा नेटवर्कच्या पानावर असतो. लक्षात असू द्या, वाय-फायचा आणि लॅनचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो. जो वापरता तोच द्या.

काही जण राउटरला हात लावायचं टाळून टीव्हीतच आयपी पत्ता हाताने भरतात. चालतं, पण मला ते पसंत नाही. पुढे कधी राउटर बदलला आणि नव्याचे पत्ते १९२.१६८.० ऐवजी १९२.१६८.१ ने सुरू होत असले, तर टीव्ही अचानक बंद पडतो आणि आपण हाताने पत्ता भरला होता हे तोवर कोणाच्याही ध्यानात नसतं. नवा राउटर आल्यापासून टीव्ही जोडला जात नसेल तर आधी आयपी सेटिंग 'ऑटोमॅटिक' आहे ना, हे बघा.

लाइट जाऊन आल्यावरच त्रास होत असेल तर कारण साधं आहे. टीव्ही आणि राउटर एकाच क्षणी सुरू होतात, राउटरला आणि फायबरच्या डब्याला पूर्ण जागं व्हायला काही मिनिटं लागतात, टीव्ही त्याआधीच प्रयत्न करून थकतो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी फायबरचा डबा किंवा मोडेम, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, मग टीव्ही.

रोज बरोबर एकाच वेळी नेट जात असेल, तर घड्याळ लावून कोणीतरी ते बंद करतंय असं समजा. राउटरमध्ये मुलांसाठी लावलेलं वेळेचं बंधन, रात्री आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय, नाहीतर वाय-फाय ठरावीक वेळी बंद ठेवण्याची सोय, यांपैकी एक सापडेल. बरेचदा ते मुलाच्या टॅबसाठी लावलेलं असतं आणि त्या यादीत चुकून टीव्हीही गेलेला असतो.

संध्याकाळी हळूहळू अडखळत जाणं मात्र वेगळं. त्या वेळी आजूबाजूच्या घरांतलं वाय-फायही जोरात असतं आणि २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी होते. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. तो सुरू असेपर्यंतच व्हिडिओ अडकत असेल तर दुसरं काही शोधायला नको. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा राउटरची जागा बदला.

रेंज टीव्हीच्या मागे मोजा

'मोबाइलवर पूर्ण रेंज दाखवतंय' हे सांगताना मोबाइल आपल्या हातात, सोफ्यावर असतो. टीव्हीचा अँटेना मात्र पडद्याच्या मागे, बऱ्याचदा खालच्या कडेला, भिंतीला चिकटून असतो आणि त्याच्यापुढे टीव्हीचाच धातूचा पत्रा उभा असतो. म्हणून मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारं एखादं ॲप घ्या आणि मोबाइल टीव्हीच्या मागच्या फटीत धरून आकडा वाचा. हा आकडा डीबीएम या सिग्नल मोजायच्या एककात आणि उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० च्या आसपास म्हणजे उत्तम. व्हिडिओ न अडखळता चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगला हवा. उणे ८० पेक्षाही खराब झाला की टीव्ही जोडला गेला तरी टिकत नाही. सोफ्यावर आणि टीव्हीच्या मागे या आकड्यांत किती फरक पडतो ते एकदा स्वतः बघा, मग राउटर कुठे ठेवायचा ते कोणाला विचारावं लागणार नाही.

याच जागेत आणखी एक गोष्ट लपलेली असते. टीव्हीच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क किंवा वेगवान पेन ड्राइव्ह लावून ठेवलाय का? यूएसबी ३.० ची उपकरणं डेटा पाठवताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढून हे मोजून दाखवलं होतं. डिस्क वाय-फायच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर असेल, तर तिच्यावरून सिनेमा लावल्यावर किंवा रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर वाय-फाय गळपटतं. डिस्क काढून दोन दिवस बघा. फरक पडला तर ती यूएसबी २.० च्या पोर्टला लावा, चांगल्या कवचाच्या लांब केबलने दूर ठेवा, नाहीतर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा. एचडीएमआयला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकचंही असंच. ती टीव्हीच्या मागे पत्र्याला टेकून बसली की रेंज कमी होते. फायर टीव्ही स्टिकसारख्या स्टिकबरोबर जो छोटा एचडीएमआयचा तुकडा मिळतो, तो याचसाठी असतो. तो खोक्यात पडून राहू देऊ नका.

राउटरमधली सेटिंग्ज

राउटरचं नाव टीव्हीच्या यादीतून कधीकधी गायब होतं आणि मोबाइलला मात्र ते दिसतच असतं, अशी तक्रार असेल तर चॅनलकडे बघा. २.४ गिगाहर्ट्झवर बहुतेक देशांत १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत प्रत्यक्षात १ ते ११. राउटर 'ऑटो'वर असेल तर गर्दी टाळायला तो एखाद्या रात्री १२ किंवा १३ वर जाऊन बसतो आणि दुसऱ्या प्रदेशासाठी बनलेल्या किंवा प्रदेश चुकीचा निवडलेल्या टीव्हीला ते चॅनल दिसतच नाहीत. पुढच्या वेळी राउटर पुन्हा ६ वर आला की टीव्ही 'आपोआप' बरा होतो. १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल पक्का करा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

५ गिगाहर्ट्झवरही असाच सापळा आहे. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारला पहिला हक्क असतो. हवामानाच्या किंवा इतर रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो, आणि नव्या अशाच चॅनलवर जायचं तर आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. मोबाइल या उड्या निमूट सहन करतो. काही टीव्हींना हे चॅनल मुळीच चालत नाहीत. टीव्हीसाठी ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांतला एक ठरवून दिला की हा प्रश्न निघतच नाही.

राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर टीव्हीला कोणत्या बँडवर ढकलायचं ते राउटर ठरवतो आणि त्या ढकलाढकलीत टीव्ही सुटतो. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. राउटर त्याच खोलीत असेल तर टीव्ही ५ वर, मध्ये भिंती असतील तर २.४ वर. मेश (एकच वाय-फाय घरभर पसरवणारी अनेक युनिटं) वापरत असाल तर टीव्ही जवळचं युनिट सोडून लांबच्या युनिटला चिकटलाय का ते मेशच्या ॲपमध्ये दिसतं. तिथून टीव्हीला जवळच्या युनिटशी बांधून ठेवायची सोयही बऱ्याच मेशमध्ये असते.

आता सुरक्षेचा प्रकार, म्हणजे वाय-फायवरचा डेटा कुलूपबंद करण्याची पद्धत. डब्ल्यूपीए २ हा २००४ चा, डब्ल्यूपीए ३ हा २०१८ चा. नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए ३ निवडलेलं असेल, तर त्याआधीच्या टीव्हीला पासवर्ड बरोबर असूनही 'पासवर्ड चुकीचा' असं दिसू शकतं. दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा. तोही काही जुन्या टीव्हींना पचत नाही, मग २.४ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए २ आणि त्यातला एईएस हा कूटबद्ध करण्याचा प्रकार ठेवा, किंवा टीव्हीसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. पण टीव्हीला जमत नाही म्हणून वाय-फाय बिनपासवर्डचं करून ठेवू नका. गेस्ट नेटवर्कवर टीव्ही टाकलात तर एक बदल जाणवेल: मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट करता येणार नाही, कारण गेस्ट नेटवर्क उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. त्याला बिघाड समजू नका.

पासवर्डबद्दल एवढंच की रिमोटने टाइप करताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि स्मॉल एल यांची गल्लत होते, आणि शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही. 'पासवर्ड दाखवा'वर टिक करून एकदा अक्षरन् अक्षर वाचा.

राउटरपर्यंत ठीक, पुढे नाही

आयपी पत्ता बरोबर, घड्याळ बरोबर, मोबाइलवर नेट चालू आणि टीव्ही मात्र 'जोडलेलं आहे, इंटरनेट नाही' म्हणतोय. इथे पहिला संशय डीएनएसवर. ॲपला सर्व्हरचं नाव माहीत असतं, आकडी पत्ता डीएनएसकडून घ्यावा लागतो. टीव्हीच्या आयपी सेटिंगमध्ये डीएनएस तेवढा 'मॅन्युअल' करून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. बाकीचं 'ऑटोमॅटिक'च राहू द्या. नेट लगेच आलं तर राउटर किंवा इंटरनेट कंपनीचा डीएनएस अडत होता. हाच पत्ता राउटरमध्ये भरला तर घरातल्या सगळ्याच उपकरणांना फायदा होईल.

घरात जाहिराती अडवणारा डीएनएस लावला असेल तर तोही तपासा. अँड्रॉइड टीव्ही गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारून बघतो आणि तिथून अपेक्षित उत्तर आलं तरच 'इंटरनेट आहे' मानतो. गाळणीत तो पत्ता अडकला तर बाकी सगळं उघडं असूनही टीव्ही नाहीच म्हणत राहतो. राउटरवर व्हीपीएन असेल तर तोही थोडा वेळ बंद करून बघा.

फक्त एकच ॲप चालत नसेल

टीव्हीत ब्राउझर असेल तर एखादं साधं संकेतस्थळ उघडून बघा. ते उघडलं म्हणजे नेट आहे आणि अडचण ॲपची आहे. ॲपचा कॅशे साफ करा, ते काढून पुन्हा घाला, टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करा.

टीव्ही जुना असेल तर मात्र मनाची तयारी ठेवा. यूट्यूबने २०१५ मध्ये जुनी सेवा बंद केली तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या बऱ्याच टीव्हींवरचं यूट्यूब ॲप कायमचं थांबलं. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये काही जुनी उपकरणं वगळली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रं तपासली जातात) मुदत संपली आणि ज्या उपकरणांना नवं मूळ प्रमाणपत्र कधी मिळालंच नव्हतं, त्यांना असंख्य संकेतस्थळं परकी झाली. अशा टीव्हीवर राउटर बदलून, पासवर्ड बदलून किंवा इंटरनेटचा प्लॅन वाढवून काहीही होणार नाही. पडदा चांगला असेल तर एचडीएमआयला एक स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स लावा. नेट, ॲप्स आणि अपडेट सगळं त्या बॉक्सकडे जातं आणि टीव्ही पडदा म्हणून पुढे वर्षानुवर्षं चालतो. चांगला टीव्ही एवढ्यासाठी टाकून दिलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं.

अपडेट, रीसेट आणि शेवटी हार्डवेअर

नेटच नसताना सॉफ्टवेअर अपडेट करायचं कसं? कंपनीच्या संकेतस्थळावर टीव्हीचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून फाइल उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीला लावा. पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षरही जुळलं पाहिजे. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये.

रीसेट करायचा तर आधी फक्त 'नेटवर्क रीसेट' करा. त्याने ॲप्स आणि लॉगिन तसेच राहतात. 'फॅक्टरी रीसेट' सगळं पुसतो, तेव्हा तो अगदी शेवटी. आणि त्याआधी हॉटस्पॉटची चाचणी झालेली असू द्या, नाहीतर दोष राउटरचा निघाला तर सगळे पासवर्ड पुन्हा भरण्याची मेहनत फुकट.

वाय-फाय मॉड्यूल खराब झाल्याच्या खुणा ओळखू येतात. यादीत एकही नेटवर्क दिसत नाही, शेजारचंही नाही. वाय-फायचा पर्याय करडा पडतो आणि निवडताच येत नाही. मॅक पत्त्याच्या जागी शून्यं किंवा मोकळी जागा दिसते. टीव्ही गार असताना नेट चालतं आणि तापल्यावर जातं. आणखी एक चांगली खूण: बऱ्याच टीव्हींत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या पट्टीवर असतात, त्यामुळे नेट जातं त्याच क्षणी रिमोटचा माइक किंवा ब्लूटूथ हेडफोनही बंद पडत असेल तर संशय जवळपास पक्का होतो. ही पट्टी वेगळी मिळते आणि बदलताही येते, पण टीव्ही स्वतः उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

दुरुस्ती नको असेल तर लॅन केबल कायमची टाकून घ्या. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि लोक त्यावरून नाक मुरडतात. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं, म्हणजे पोर्ट भरपूर आहे, आणि केबलला मायक्रोवेव्ह, रडार, शेजारी कशाचाच त्रास नाही. बाजारातला कोणताही यूएसबी वाय-फाय डोंगल मात्र टीव्हीला लावून चालेल असं धरू नका. टीव्ही त्याला ओळखेलच असं नाही. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी जो सांगितला असेल तोच घ्या.

सर्व्हिस सेंटरला फोन करताना मॉडेल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, नेट बंद असतानाच्या पानाचा फोटो, हॉटस्पॉटवर आणि केबलवर काय झालं ते आणि नेट गेल्याच्या वेळांची नोंद एवढं हाताशी ठेवा. 'रीसेट करून बघा' यापुढे बोलणं जायला याने मदत होते. तंत्रज्ञ येईल तेव्हा टीव्ही आदल्या रात्रीपासून स्टँडबायवरच असू द्या, प्लग काढून 'बरा' केलेला नको. मॉड्यूल बदललं तर आपल्याच वाय-फायवर टीव्ही नीट तापेपर्यंत व्हिडिओ चालवून बघा, रिमोटने बंद करून पुन्हा लावा आणि नेट आपोआप जोडलं गेलं की मगच कामाच्या कागदावर सही करा.